एका ओळीची घसरण : ड्यूक विद्यापीठाचे औषधनिवड प्रकरण आणि कीथ बॅगर्ली यांची कारकीर्द

२००६ च्या अखेरीस ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या अनिल पोट्टी, जोसेफ नेव्हिन्स आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. रुग्णाच्या गाठीतील हजारो जनुकांची सक्रियता मोजून, त्या गाठीवर केमोथेरपीचे कोणते औषध चालेल हे उपचार सुरू करण्यापूर्वीच सांगता येते, असा त्यात दावा होता. कर्करोगाच्या उपचारात या प्रश्नाचे मोल फार मोठे आहे. एकाच अवयवाचा, एकाच टप्प्यातला कर्करोग असलेल्या दोन रुग्णांपैकी एकाची गाठ औषधाला दाद देते आणि दुसऱ्याची देत नाही, हे डॉक्टरांना रोज दिसते. आणि दाद न देणाऱ्या औषधात गेलेले महिने त्या रुग्णाला परत मिळत नाहीत. त्यामुळे अनेक रुग्णालयांतल्या डॉक्टरांना ही पद्धत आपल्याकडेही हवी, असे वाटणे स्वाभाविक होते.

टेक्सासमधील ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राच्या डॉक्टरांनाही तेच वाटले. त्यांनी आपल्या संस्थेतील संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांच्याकडे हा शोधनिबंध नेला आणि ही पद्धत आपल्या रुग्णांसाठी वापरता येईल का, अशी विचारणा केली. पुढे जे झाले त्याची सुरुवात इतकी साधी होती. कोणाला उघडे पाडण्याचा हेतू त्यामागे नव्हता. एखादी पद्धत वापरायची तर आधी ती आपल्या हाताने चालवून पाहावी आणि छापील निकाल येतो का ते तपासावे, एवढाच तो रिवाज होता.

बॅगर्ली यांना अशा कामाचा पूर्वानुभव होता. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मधील एका शोधनिबंधाने रक्तातील प्रथिनांच्या नमुन्यावरून बीजांडकोशाचा कर्करोग ओळखता येतो असे सांगितले होते आणि त्या आधारावर एक व्यापारी चाचणी बाजारात आणण्याची तयारीही सुरू झाली होती. बॅगर्ली, कूम्ब्स आणि सहकाऱ्यांनी त्या संशोधनाची जाहीर केलेली आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा रुग्ण आणि निरोगी स्त्रिया यांच्या नमुन्यांतला फरक आजारापेक्षा यंत्राच्या मोजणीतून आणि नमुने हाताळण्याच्या पद्धतीतून आलेला असावा, असे त्यांना आढळले. त्या तपासणीनंतर अशा मोजणीतील धोक्यांची चर्चा सुरू झाली. संगणकीय कर्करोगसंशोधनात ज्याला पुढे ‘न्यायवैद्यक जैवमाहितीशास्त्र’ असे नाव या दोघांनी दिले, त्याची ही पहिली मोठी पायरी म्हणता येईल : निकाल आणि मूळ आकडे समोर ठेवायचे, आणि या आकड्यांतून हा निकाल कोणत्या वाटेने आला असेल हे मागे मागे जात शोधायचे.

ड्यूकची पद्धत समजायला अवघड नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे प्रयोगशाळेत वाढवलेल्या ६० कर्कपेशी-वाणांचा एक प्रसिद्ध संच आहे आणि त्यातील प्रत्येक वाण कोणत्या औषधाला किती दाद देतो याच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत. एखादे औषध घ्यायचे, त्याला सर्वाधिक दाद देणारे वाण एका बाजूला आणि अजिबात दाद न देणारे दुसऱ्या बाजूला ठेवायचे, मायक्रोॲरेच्या (हजारो जनुकांची सक्रियता एकाच वेळी मोजणाऱ्या चकतीच्या) साह्याने मोजलेल्या जनुकांपैकी या दोन गटांत सर्वाधिक फरक दाखवणारी काही जनुके निवडायची आणि त्यांच्यापासून एक गणिती सूत्र बनवायचे. मग रुग्णाच्या गाठीतील त्याच जनुकांची मोजणी त्या सूत्रात घातली की ही गाठ कोणत्या गटाला जवळची आहे ते कळते. कल्पना सुसंगत होती, आकडे बव्हंशी सार्वजनिक होते आणि संगणक-प्रणालीही उपलब्ध होती. तरीही बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी तीच पद्धत त्याच आकड्यांवर चालवली, तेव्हा शोधनिबंधात दिलेली जनुके त्यांना मिळेनात.

त्यांनी स्वतः मिळवलेली यादी आणि छापील यादी शेजारी शेजारी ठेवली. एकही नाव जुळत नव्हते, पण दोन्ही याद्यांत एक विचित्र नाते होते. मायक्रोॲरेवरील जनुक-चिन्हांच्या, म्हणजे चकतीवर ज्या खुणांनी जनुके मोजली जातात त्यांच्या, मूळ तक्त्यात त्यांचे जनुक ज्या ओळीवर होते, छापील यादीतले जनुक त्याच्या अगदी लगतच्या ओळीवर होते, आणि एकामागून एक नोंदीत हेच दिसत होते. कारण संगणक-प्रणालीच्या एका साध्या अटीत सापडले. तिला दोन फाइली लागत : एकीत मोजणीचे आकडे आणि दुसरीत त्याच क्रमाने जनुकांची नावे. नावांच्या फाइलीला शीर्षकाची ओळ असता कामा नये, अशी अट होती. ती ओळ राहिली की नावे एका घराने सरकतात. वर्गाच्या निकालपत्रात नावांचा रकाना एका ओळीने खाली गेला तर गुण सगळे खरे असतात, बेरीजही बरोबर येते आणि तरी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती शेजाऱ्याचे गुण पडतात. तसेच इथे झाले होते. आकड्यांवरून काढलेले रंगीत आलेख हुबेहूब जुळत होते, म्हणूनच ही चूक डोळ्यांना दिसत नव्हती.

इथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण या प्रकरणाविषयी लिहिताना तो बहुधा सुटतो. ओळ सरकल्यामुळे जनुकांची नावे चुकतात, पण सूत्राचा अंदाज आकड्यांवर चालत असल्याने तेवढ्याने रुग्णाचे औषध बदलतेच असे नाही. नुकसान होते ते स्पष्टीकरणाचे. आणि हे स्पष्टीकरण शोधनिबंधाच्या विश्वासार्हतेचा आधार होते. सिस्प्लॅटिन या औषधाविषयीच्या २००७ मधील शोधनिबंधात ४५ जनुकांची यादी होती आणि तीत डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या ईआरसीसी१ सारख्या जनुकांचा समावेश असल्याचे आवर्जून सांगितले होते. सिस्प्लॅटिन डीएनएवरच आघात करते, तेव्हा ही जनुके यादीत येणे वाचणाऱ्या डॉक्टरला पटण्याजोगे होते. बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी सरकलेली ओळ जागेवर आणली तेव्हा ४५ पैकी ४१ नोंदींचा उलगडा झाला. उरल्या चार. त्या चारांमध्ये नेमकी डीएनए-दुरुस्तीशी संबंधित जनुके होती, आणि त्यांपैकी दोन चिन्हे तर ज्या मायक्रोॲरेवर ती मोजणी झाली होती त्या चकतीवर अस्तित्वातच नव्हती. जे मोजलेच गेले नाही ते निकालाच्या यादीत कसे आले, याचे उत्तर आकड्यांत कोठेही मिळत नव्हते. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. ओळ कोणाच्याही हातून सरकू शकते. पण ही दोन चिन्हे ओळ सरकल्याने येऊ शकत नाहीत.

दुसरी चूक मात्र थेट रुग्णाच्या अंगावर येणारी होती. काही औषधांच्या बाबतीत ‘दाद देणारे’ आणि ‘दाद न देणारे’ ही लेबलेच उलटी लागलेली दिसत होती. लेबले उलटली तर गणित बिनचूक चालते आणि सल्ला नेमका उलटा मिळतो : ज्या औषधाचा या गाठीवर उपयोग होण्याची शक्यता सर्वांत कमी, तेच या रुग्णाला द्या. याखेरीज पडताळणीच्या संचात काही नमुने एकाहून अधिक वेळा आले होते आणि त्यांतल्या काहींना एकदा एक आणि एकदा दुसरे लेबल होते. पुढे एका वेगळ्या शोधनिबंधात टेमोझोलोमाइड या औषधासाठी छापलेला रंगीत आलेख हा आधीच्या शोधनिबंधातील सिस्प्लॅटिनचाच आलेख असल्याचेही त्यांना आढळले.

बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी प्रथम ड्यूकच्या संशोधकांशी पत्रव्यवहार केला. काही चुका मान्य झाल्या, काही दुरुस्त्या आल्या आणि त्या दुरुस्त्यांमध्ये नव्या चुका निघाल्या. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ने या दोघांचे आणि त्यांच्या सहकारी जिंग वांग यांचे पत्र छापले, सोबत ड्यूकचे उत्तरही छापले, आणि त्यात पद्धत योग्य असून निकाल पुन्हा मिळतात असे ठामपणे सांगितले होते. वाचकाच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटले. दोन गटांचे मतभेद आहेत, संख्याशास्त्रज्ञ बारीकसारीक गोष्टींवरून वाद घालतच असतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. ड्यूकच्या गटाचे पुढचे शोधनिबंध मोठमोठ्या नियतकालिकांत येत राहिले आणि त्या प्रत्येकाची छाननी करण्यात या दोघांचा वेळ जात राहिला.

अशा वेळी शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीचा हिशेब मनात येतो. दुसऱ्याच्या निकालाची फोड करणे हे नवे संशोधन मानले जात नाही. त्यासाठी अनुदान मिळत नाही, बढतीच्या अर्जात त्याला वेगळा रकाना नसतो आणि महिनोन्‌महिन्यांच्या श्रमातून फार तर एक पत्र छापून येते. नंतरच्या सविस्तर शोधनिबंधाबाबतही, एका जैववैद्यकीय नियतकालिकाने तो फार नकारात्मक आहे असे म्हटल्याचे बॅगर्ली यांनी सांगितले आहे. या टप्प्यावर त्यांनी काम सोडून दिले असते तरी कोणी नावे ठेवली नसती.

जून २००९ मध्ये चित्र बदलले. याच सूत्रांच्या आधारे ड्यूकमध्ये २००७ पासून रुग्णांवर चाचण्या सुरू आहेत, हे त्यांना कळले. दोन चाचण्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या होत्या आणि एक स्तनाच्या कर्करोगाची. आता प्रश्न छापील यादीचा उरला नव्हता. कोणत्या रुग्णाला कोणते औषध मिळावे हे ही सूत्रे ठरवत होती. दोघांनी आपला सविस्तर शोधनिबंध वैद्यकीय नियतकालिकाऐवजी ‘ॲनल्स ऑफ अप्लाइड स्टॅटिस्टिक्स’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकाकडे दिला आणि तो २००९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी प्रत्येक औषधाच्या निकालाची फोड ओळीओळीने मांडली, आणि या क्षेत्रातल्या सर्वाधिक चुका साध्याच असतात व साध्या चुकाच सर्वाधिक होतात, असे निरीक्षण नोंदवले. सरकलेल्या ओळी आणि उलटी लेबले ज्यात दडून बसतात ती आकडेवारी आणि संगणकीय आज्ञावली वाचकासमोर नसेल तर समीक्षक कितीही जाणकार असला तरी त्या त्याला दिसणार नाहीत, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे.

‘द कॅन्सर लेटर’ या वॉशिंग्टनहून निघणाऱ्या वार्तापत्राने हा विषय उचलला. राष्ट्रीय कर्करोग संस्थेनेही चिंता कळवली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ड्यूकने चाचण्या थांबवून बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी सुरू केली. हीच तपासणी प्रकरण संपवायला पुरेशी ठरायला हवी होती. ती सुरू असतानाच ड्यूकच्या गटाने सिस्प्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड या औषधांच्या पडताळणीचे नवे आकडे संकेतस्थळावर ठेवले. बॅगर्ली यांनी ते लगेच तपासले. बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या ५९ नमुन्यांपैकी ४३ नमुन्यांची लेबले चुकीची होती आणि उरलेल्या १६ मध्ये जनुकांची नावेच जुळत नव्हती. हा अहवाल त्यांनी ड्यूकच्या प्रशासनाकडे पाठवला. प्रशासनाने तो बाहेरच्या तपासनिसांपर्यंत पोहोचवला नाही. तपासणीच्या मध्यावर वादातील एका पक्षाचे म्हणणे तपासनिसांपुढे ठेवले तर त्यांचे मत दूषित होईल, असे कारण नंतर देण्यात आले. तपासनिसांनी पद्धत व्यवहार्य असल्याचे कळवले आणि जानेवारी २०१० मध्ये चाचण्या पुन्हा सुरू करण्याचा निर्णय जाहीर झाला. निःपक्षपातीपणाच्या नावाखाली नेमका तोच कागद बाजूला ठेवला गेला, ज्यासाठी ही तपासणी होती. त्या निर्णयामागे वाईट हेतू असल्याचे मी म्हणत नाही. पण हेतू चांगला असूनही परिणाम असा झाला, म्हणून तो प्रकरण-अभ्यासात नोंदवला पाहिजे.

याच काळात राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संख्याशास्त्रज्ञ लिसा मॅकशेन स्वतंत्रपणे याच गटाच्या आणखी एका सूत्राची तपासणी करत होत्या. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना जास्त धोका आणि कमी धोका अशा गटांत विभागणारे ते सूत्र होते. तीच आज्ञावली त्याच नमुन्यांवर पुन्हा चालवली तर काही रुग्णांचा गट बदलत होता. मोजमाप दोनदा केल्यावर दोन वेगळी उत्तरे देणाऱ्या पट्टीवर उपचार ठरवता येत नाहीत, आणि २०१० मध्ये ते सूत्र संबंधित चाचणीतून काढून टाकण्यात आले. बॅगर्ली यांनीही माहिती अधिकाराच्या अमेरिकी कायद्याखाली अर्ज करून ड्यूकच्या तपासणीचा अहवाल मिळवला. त्यावर पुष्कळ ठिकाणी काळी पट्टी मारलेली होती, पण आपले आक्षेप तपासनिसांनी पाहिलेच नव्हते हे त्यातून पुरेसे स्पष्ट झाले.

इतके होऊनही चाचण्या ज्या कारणाने थांबल्या ते कारण गणिताशी संबंधित नव्हते. १६ जुलै २०१० रोजी ‘द कॅन्सर लेटर’ने बातमी दिली की पोट्टी यांनी आपल्या परिचयपत्रांत ऑक्सफर्डमध्ये शिकण्यासाठीची प्रतिष्ठित ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाल्याचा उल्लेख केला होता आणि तो खरा नव्हता. त्यानंतर काही दिवसांतच ३० हून अधिक संख्याशास्त्रज्ञांनी राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे नुकतेच संचालक झालेले हॅरल्ड वार्मस यांना पत्र लिहून चाचण्या थांबवण्याची मागणी केली. चाचण्या पुन्हा स्थगित झाल्या आणि नोव्हेंबर २०१० मध्ये कायमच्या बंद झाल्या. त्याच महिन्यात पोट्टी यांनी राजीनामा दिला. नेव्हिन्स यांनी पडताळणीचे आकडे स्वतः तपासले तेव्हा ते सदोष असल्याचे त्यांना मान्य करावे लागले, आणि सिस्प्लॅटिनचा शोधनिबंध मागे घेण्यापासून सुरुवात झाली. २०११ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ आणि ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील शोधनिबंधही मागे घेण्यात आले.

परिचयपत्रातील एक खोटी ओळ कोणालाही एका वाक्यात समजते. ४३ नमुन्यांची उलटसुलट लेबले समजायला तक्ता उघडावा लागतो. संस्थांनी पहिल्या गोष्टीवर काही दिवसांत हालचाल केली आणि दुसऱ्या प्रकारच्या आक्षेपांवर जवळजवळ तीन वर्षे ठोस निर्णय घेतला नाही. या तीन वर्षांत चाचण्यांत दाखल झालेले लोक कर्करोगाचे रुग्ण होते, हे लक्षात घेतले म्हणजे मला या विलंबाचे फार दुःख होते.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने गिल्बर्ट ओमेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल मार्च २०१२ मध्ये आला. जनुकीय मोजणीवर आधारलेले कोणतेही सूत्र रुग्णाच्या उपचारासाठी वापरण्यापूर्वी त्याची संपूर्ण संगणकीय कृती गोठवली जावी, म्हणजे नंतर तिच्यात एकही बदल करता येऊ नये. पडताळणी अशा नमुन्यांवर व्हावी जे सूत्र बनवताना वापरलेले नाहीत. आकडे आणि आज्ञावली खुल्या असाव्यात. आणि अशा चाचणीने उपचार ठरणार असतील तर अन्न व औषध प्रशासनाशी आधी सल्लामसलत व्हावी, असे त्यात सुचवले होते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या संशोधन-सचोटी कार्यालयाने पोट्टी यांच्याविषयी गैरवर्तनाचा निष्कर्ष जाहीर केला. एका अनुदान-अर्जात दासाटिनिब या औषधाला ३३ पैकी ६ रुग्णांनी दाद दिल्याचे लिहिले होते, प्रत्यक्षात केवळ ४ रुग्ण दाखल झाले होते आणि एकानेही दाद दिली नव्हती, असा त्या निष्कर्षातला एक मुद्दा आहे. पोट्टी यांनी आरोप मान्य किंवा अमान्य न करता पाच वर्षे देखरेखीखाली संशोधन करण्याची अट स्वीकारली. रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांनी लावलेले दावेही त्याच वर्षी तडजोडीने मिटले.

२०१५ च्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट उजेडात आली. ड्यूकच्या त्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या, वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने २००८ मध्येच सूत्र बनवण्याच्या आणि पडताळणीच्या पद्धतीविषयीच्या आपल्या शंका सविस्तर लिहून दिल्या होत्या आणि आपले नाव शोधनिबंधांवरून काढून घेतले होते. म्हणजे बाहेरून बॅगर्ली आणि कूम्ब्स आकड्यांतून जे अनुमान करत होते, ते आतून पाहिलेला माणूस संस्थेतच होता. त्याच्या शंका संस्थेतच राहिल्या. दोन्ही बाजूंची माहिती २००८ मध्ये एका टेबलावर आली असती, तर पुढच्या दोन वर्षांत दाखल झालेले रुग्ण त्या चाचण्यांत गेले नसते.

बॅगर्ली आणि कूम्ब्स यांच्या कामाचा शिकण्यासारखा भाग त्यांच्या रोजच्या शिस्तीत आहे. ते ‘आर’ या संगणकभाषेत विश्लेषण करत आणि ‘स्वीव्ह’ या साधनाने मजकूर, आज्ञावली आणि निकाल एकाच दस्तऐवजात गुंफत, जेणेकरून आकडा कोठून आला हे वाचणाऱ्याला त्याच पानावर दिसावे आणि फाइल पुन्हा चालवली की तेच आकडे यावेत. ड्यूकवर आक्षेप घेताना त्यांनी स्वतःचे प्रत्येक पाऊल याच रीतीने खुले ठेवले; त्यामुळे त्यांच्यावर विश्वास ठेवा असे त्यांना कोणाला सांगावे लागले नाही. पुण्याच्या विद्यापीठात जैवमाहितीशास्त्र शिकणारे किंवा खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या प्रयोगशाळेत गाठींच्या जनुकांचे आकडे हाताळणारे आपले विद्यार्थी आज याहून कितीतरी मोठ्या तक्त्यांवर काम करतात. त्यांच्यासाठी २००९ चा तो शोधनिबंध मोफत वाचायला उपलब्ध आहे. तो नुसता वाचू नये. सिस्प्लॅटिनची ४५ जनुकांची यादी समोर ठेवावी, मायक्रोॲरेवरील चिन्हांचा मूळ क्रम उतरवून घ्यावा, नावे एका ओळीने सरकवून ४१ नोंदी जुळतात का ते स्वतः पाहावे, आणि मग उरलेल्या चारांचे काय करायचे हे आपल्या मार्गदर्शकाला विचारावे.